यंत्रविशारद सर हेन्री रॉइस

जुन्या मोटारीचे इंजिन उकलून पुन्हा जुळविणाऱ्या कारागिराच्या मेजापाशी जो क्षणभर उभा राहील, त्यास एका गोष्टीचे नवल वाटल्यावाचून राहणार नाही. कारागीर तराजूत पोलादी दांडे जोखीत असतो! दट्ट्यास क्रँकशाफ्टशी जोडणारे हेच ते कनेक्टिंग रॉड. त्यांचे थोरले टोक क्रँकबरोबर गरगर फिरते, तर धाकटे टोक दट्ट्याबरोबर खालीवर धावते. म्हणून दोन्ही टोके निरनिराळी जोखून, सर्वांत हलक्या रॉडाशी बरोबरी होईपर्यंत बाकीचे घासावे लागतात. वजनात थोडी तफावत राहिली तरी इंजिन थरथरते. आणि वेग दुप्पट झाला की तिचा धक्का चौपट होतो. डोळ्यांआड राहणाऱ्या अशा भागांची ज्यांनी जन्मभर चिंता वाहिली, त्या हेन्री रॉइस यांचे चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहो.

रॉइस यांचा जन्म इंग्लंडात पीटरबरोजवळच्या ॲलवॉल्टन गावी २७ मार्च १८६३ रोजी झाला. वडील गिरणीवाले, पण धंदा बुडाला, आणि हेन्री नऊ वर्षांचे असता ते निवर्तले. मुलाने वर्तमानपत्रे विकली, तारा पोचविल्या. पुढे मावशीच्या साह्याने रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी मिळाली. परंतु पैसा सरला व तीही अर्धवट सुटली. शाळा थोडी, उमेदवारी अपुरी. तथापि हातातील कसब व जिज्ञासा यांवर त्यांनी १८८४ साली मँचेस्टर येथे विजेच्या उपकरणांचा लहानसा कारखाना काढला.

पुढे त्यांनी एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली. तिचा खडखडाट त्यांस साहवेना. त्यांनी तिचा प्रत्येक भाग तपासला आणि स्वतःच मोटार बांधण्यास घेतली. ती १९०४ च्या एप्रिलात रस्त्यावर आली. पुढल्याच महिन्यात चार्ल्स रोल्स यांची गाठ पडली व दोघांचे नाव कायमचे जोडले गेले.

मार्ग मात्र निष्कंटक नव्हता. त्यांच्या पहिल्या सहा सिलिंडरांच्या इंजिनात क्रँकशाफ्ट पिळवटून थरथरे व मोडे. रॉइस यांनी दोष झाकला नाही; कारण शोधून नवे इंजिन रचले. ते ‘सिल्व्हर घोस्ट’ मोटारीचे होय. तिचे रॉड सर्वांगी घासून गुळगुळीत करीत. कारण पोलादावरील लहानशा ओरखड्यातूनच पुढे तडा जातो. १९०७ साली ही मोटार १४,३७१ मैल न बिघडता धावली. मग ती उकलून भाग मोजले, तेव्हा इंजिनाच्या मुख्य भागांत मोजण्याजोगी झीज आढळली नाही. १९०८ साली अशीच एक मोटार आपल्याकडील मुंबई-कोल्हापूर चाचणीत घाट चढून यशस्वी झाली, हे आमच्या वाचकांस विशेष वाटेल.

परंतु यंत्राचा तोल सांभाळणाऱ्या या पुरुषास देहाचा तोल सांभाळता आला नाही. कामात ते अन्न व झोप विसरत. १९१० साली रोल्स विमान-अपघातात मरण पावले. लवकरच रॉइस यांची प्रकृतीही ढासळली आणि मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. डर्बी येथील कारखाना त्यांस जवळजवळ कायमचा अंतरला. फ्रान्सचा दक्षिण किनारा व इंग्लंडातील वेस्ट विटरिंग येथे राहून ते आराखडे धाडीत. त्यांच्या ‘ईगल’ इंजिनांवर १९१९ साली अल्कॉक व ब्राऊन यांनी अटलांटिक महासागर न थांबता ओलांडला. १९३० साली त्यांस बॅरोनेट ही पदवी मिळाली. २२ एप्रिल १९३३ रोजी त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या मोटारी आजही कोठे कोठे उकलल्या जातात. वाकलेला रॉड सरळ केला जातो, तडा शोधला जातो, बेअरिंगमध्ये नवा पांढरा धातू ओतला जातो व पुन्हा तराजू पुढे येतो. माणसाच्या देहास मात्र असे उकलून पुन्हा जुळविता येत नाही. विद्यार्थिबंधूंनो, रॉइस यांची निष्ठा आपण घ्यावी. त्यांनी स्वतःच्या प्रकृतीची केलेली हेळसांड मात्र घेऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.