चार्ल्स केटरिंग : मूळ कारणाचा शोध घेणारा यंत्रज्ञ

मोटारीचें जुनें इंजिन खोलून व झिजलेले भाग बदलून पुन्हां जुळविलें, तरी एखादा भाग थोड्याच दिवसांत पुन्हां झिजतो, असा अनुभव कारागिरांस येतो. जुन्या धर्तीच्या पुष्कळ इंजिनांत कॅमशाफ्टवरील दात्यांनीं डिस्ट्रिब्यूटरचें दातेरी चाक फिरतें, आणि त्याच्याच दांड्यावर बहुधा तेलाचा पंपही चालतो. हें चाक अकालीं झिजलें कीं ठिणगीची वेळ चुकूं लागते. नवें चाक बसविणें सोपें आहे. परंतु झीज कां झाली हें पाहिलें नाहीं, तर नवें चाकही जुन्याच वाटेनें जातें. एकमेकांवर घासणारे दोन धातू परस्परांस मानवणारे नसतील. पंपांत कचरा अडकून तो जड झाला असेल. तेल फार दाट असेल. किंवा दांड्यास वरखालीं सरकण्यापुरती योग्य फट राहिली नसेल. दोष दिसतो एके ठिकाणीं, कारण असतें दुसरीकडेच. हें तत्त्व ज्यांच्या चरित्रांत ठळकपणें दिसतें, ते अमेरिकन संशोधक चार्ल्स केटरिंग होत.

त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजीं ओहायो संस्थानांतील लाउडनव्हिल गांवाजवळ एका शेतकरी कुटुंबांत झाला. दृष्टि अधू असल्यामुळें त्यांच्या शिक्षणांत खंड पडला. मध्यंतरीं त्यांनीं शाळेंत शिकविलें, टेलिफोनच्या तारा ओढण्याचें कामही केलें. परंतु शिक्षण सोडलें नाहीं, आणि १९०४ सालीं विद्युत्-अभियांत्रिकीची पदवी मिळविली. पुढें डेटन शहरांतील एका कारखान्यांत त्यांनीं दुकानांतील गल्ल्याच्या यंत्रास विजेची मोटर जोडली. या मोटरीला क्षणभरच जोर लावावयाचा असतो. म्हणून ती लहान असली तरी चालते, हें त्यांनीं ओळखलें. १९०९ सालीं एडवर्ड डीड्स यांच्या साहाय्यानें त्यांनीं डेल्को ही संस्था स्थापिली. त्यांची बॅटरीवर चालणारी ठिणगीची व्यवस्था प्रथम कॅडिलॅक मोटारींत बसविण्यांत आली, आणि डिस्ट्रिब्यूटरसह ती पद्धत पुढें जगभर रूढ झाली. तोंवर इंजिन सुरू करण्यास हातानें दांडा फिरवावा लागे, व तो उलटा फिरल्यास हात मोडे. गल्ल्याच्या यंत्रावरून मिळालेला धडा येथें कामीं आला, आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत विजेचा स्टार्टर आला.

त्याच सुमारास इंजिनांत ठोके पडतात अशा तक्रारी येऊं लागल्या, आणि पुष्कळांनीं दोष केटरिंग यांच्या नव्या ठिणगीवर ठेवला. त्यांनीं वाद न घालतां त्याचा शोध घेण्याचें काम थॉमस मिजली या तरुण सहकाऱ्याकडे दिलें. सिलिंडरमधील दाबाची नोंद घेतां असें आढळलें कीं दाब एकाएकीं चढतो तो ठिणगी पडल्यानंतर. अर्थात् दोष ठिणगीचा नसून इंधनाच्या जळण्याचा होता! मग अनेक द्रव्यें तपासून पाहण्यांत आलीं, व १९२१ च्या डिसेंबरांत शिशाचें एक संयुग गुणकारी ठरलें.

परंतु हा उपायच पुढें घातक ठरला. शिसें विषारी आहे हें तेव्हांही ठाऊक होतें. १९२४ सालीं न्यू जर्सींतील एका कारखान्यांत त्या संयुगाच्या विषबाधेनें ५ कामगार मरण पावले. १९२५ सालीं विक्री थांबविण्यांत आली, पण पुढील वर्षीं ती पुन्हां सुरू झाली, व केटरिंग यांनीं तिचें समर्थनच केलें. मोटारींच्या धुरांतून शिसें अनेक दशकें हवेंत मिसळत राहिलें. भारतांत असें पेट्रोल २००० सालीं बंद झालें. जगांतून तें पूर्णपणें जाण्यास २०२१ साल उजाडावें लागलें.

१९४७ पर्यंत जनरल मोटर्सच्या संशोधनाची धुरा केटरिंग यांनीं वाहिली. कर्करोगाच्या संशोधनासाठीं १९४५ सालीं स्थापन झालेल्या न्यूयॉर्कच्या संस्थेस स्लोन यांच्याबरोबर त्यांचेंही नांव देण्यांत आलें. २५ नोव्हेंबर १९५८ रोजीं ते निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून दोन बोध घ्यावयाचे. बिघडलेला भाग बदलण्यापूर्वीं तो कां बिघडला हें शोधावें. आणि उपाय सांपडला म्हणजे त्याची झळ कोणास लागेल, हेंही तितक्याच कसोशीनें तपासावें. पहिल्या कामांत केटरिंग यांनीं आपणांस मार्ग दाखविला. दुसऱ्या कामांत ते उणे पडले, आणि तें उणेपण भरून काढण्यास जगास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.