कुळांच्या मुलखातील संन्यासी

नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या स्वामी रामानंद तीर्थ यांची ओळख हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी अशी आहे. मराठवाड्यातील कुळांच्या दृष्टीने मात्र हा लढा निजामाच्या पाडावापुरता नव्हता. कसत्या जमिनीवरील हक्काचा प्रश्नही त्यात गुंतलेला होता.

३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे जन्मलेल्या स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. कामगार नेते ना. म. जोशी यांचे सचिव म्हणून काम करताना त्यांनी श्रमिकांचे प्रश्न जवळून पाहिले. पुढे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत ते शिक्षक झाले. तिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी संन्यास घेतला. त्यानंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेतही त्यांनी अध्यापन केले.

हैदराबाद संस्थानातील सुमारे एक तृतीयांश मुलूख जहागिरींत मोडत होता. कूळ पिढ्यान्‌पिढ्या रान कसत असे. मालकी त्याची नसे. जोडीला वेठबिगार, सावकारी आणि धान्याची सक्तीची लेव्ही होती. स्टेट काँग्रेसच्या १९३८च्या सत्याग्रहात स्वामीजींनी तुरुंगवास पत्करला. १९४७च्या लढ्यात लेव्ही नाकारणे व शिंदीची झाडे तोडणे असे कार्यक्रम आले आणि चळवळ थेट शेतशिवारात पोहोचली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामीजींना अटक झाली. नांदेड आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेल्या लातूर परिसरातील अनेक तरुण सीमेवरील कॅम्पांत दाखल झाले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. स्वामीजींचा गट जमीन सुधारणांसाठी आग्रही होता. पक्षातील मवाळांशी त्यांचे मतभेदही झाले. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी संपुष्टात आल्या आणि १९५०च्या कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले. मात्र ज्याच्या नावे कसण्यापुरतीही जमीन नव्हती, तो सालगडी या लाभापासून दूरच राहिला.

१९५२ मध्ये गुलबर्गा व १९५७ मध्ये औरंगाबाद येथून लोकसभेवर निवडून गेलेल्या स्वामीजींचे २२ जानेवारी १९७२ रोजी निधन झाले. त्याच वर्षी पावसाने दगा दिला. मराठवाड्यातील भूमिहीनांबरोबर जमीनधारक शेतकरीही दुष्काळी कामांवर खडी फोडू लागले. जमिनीचा हक्क मिळूनही शेतीची शाश्वती मिळालेली नव्हती.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. लातूर जिल्हाही त्याच्याच कक्षेत येतो. एकेकाळच्या कुळांची आणि सालगड्यांची नातवंडे आज तेथून पदव्या घेऊन बाहेर पडतात.