जॉर्ज बूल

मनुष्य विचार करितो हें सर्वांस ठाऊक आहे. पण तो कोणत्या नियमानें करितो, असें विचारलें असतां आपण गप्प बसतों. या प्रश्नामागें आयुष्य वेंचणारा जॉर्ज बूल हा इंग्लंडांतील लिंकन येथें १८१५ सालीं जोडे शिवणाऱ्या एका कारागिराच्या घरीं जन्मला. बापास जोड्यांपेक्षां दुर्बिणी बनविण्याचा नाद अधिक! धंदा बुडाला, व सोळाव्या वर्षींच घर चालविण्यासाठीं जॉर्ज डॉन्कास्टर येथें साहाय्यक शिक्षक झाला. ग्रीक भाषा व उच्च गणित तो पुस्तकांवरून आपलें आपणच शिकला. १८३३ मध्यें एका शेतांतून जातांना त्याच्या मनांत एकाएकीं आलें, कीं बीजगणितांतील चिन्हांनीं विचारही मांडतां येतील. ही कल्पना पूर्णपणें ग्रंथरूपास येण्यास १८५४ साल उजाडलें. तत्पूर्वीं, १८४९ मध्यें, कोणतीही पदवी नसतां तो आयर्लंडांत कॉर्क येथील कॉलेजांत गणिताचा प्राध्यापक झाला होता.

त्याची रीत आमच्या विद्यार्थ्यांस सहज समजेल. 'क्ष' म्हणजे जगांतील सर्व पांढऱ्या वस्तु व 'य' म्हणजे सर्व बैल, असें मानूं. मग क्ष गुणिलें य म्हणजे पांढरे बैल. आधीं बैल निवडून त्यांतून पांढरे घेतले काय, किंवा आधीं पांढऱ्या वस्तु निवडून त्यांतून बैल घेतले काय, हातीं तेंच येतें. आतां पांढऱ्या वस्तूंतून पुन्हां पांढऱ्या वस्तु निवडा. कांहींच फरक पडत नाहीं. म्हणजे क्ष गुणिलें क्ष बरोबर क्षच! नेहमींच्या गणितांत हें दोनच संख्यांस साधतें, शून्य व एक. बूलनें शून्य म्हणजे कांहींच नाहीं व एक म्हणजे सर्व कांहीं, असा अर्थ लाविला. आणि एकच वस्तु एकाच वेळीं पांढरी असणें व पांढरी नसणें अशक्य, हें ॲरिस्टॉटलचें जुनें तत्त्व एका ओळीच्या समीकरणांत काढून दाखविलें. १९३७ सालीं क्लॉड शॅनन या अमेरिकन तरुणानें विजेच्या मंडलांस हेंच गणित लाविलें, व आजचे संगणक त्याच शून्य-एकावर चालतात.

आम्हांस मात्र बूलचें दुसरें एक म्हणणें अधिक मोलाचें वाटतें. पडणारा दगड गुरुत्वाचा नियम मोडूं शकत नाहीं. मन आपले नियम रोज मोडतें, तरीही ते नियमच राहतात. त्याचे नियम शुद्ध विचाराचे होते. आणि शुद्ध विचार किती विरळा, हें उत्तरपत्रिका तपासणारांस वेगळें सांगावयास नको. ग्रंथाच्या शेवटीं बूलनें ही गोष्ट मोकळेपणानें मान्य केली आहे.

१८६४ च्या नोव्हेंबरांत तो घरून कॉलेजापर्यंत सुमारें तीन मैल पावसांत चालत गेला व ओल्या कपड्यांनींच त्यानें व्याख्यान दिलें. त्यांतून फुफ्फुसाचा दाह होऊन ८ डिसेंबर रोजीं तो वारला. मागें पत्नी मेरी व पांच मुली राहिल्या. धाकटी तर एक वर्षाचीही नव्हती. हिमालयाच्या सर्वोच्च शिखरास ज्याचें नांव दिलें, त्या जॉर्ज एव्हरेस्टची मेरी ही पुतणी. ती लंडनला जाऊन क्वीन्स कॉलेजांत ग्रंथपाल झाली, आणि मुलांचें मन गणित कसें ग्रहण करितें यावर तिनें पुढें ग्रंथ लिहिले.