चलच्चित्रांचे शिल्पकार दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. जे. जे. कलाशाळेत शिकून शिळाछापाच्या व्यवसायात स्थिरावलेल्या ह्या कलावंताने १९११ च्या सुमारास मुंबईत प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावरील ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम-कृष्ण दिसू लागले. अतिश्रमाने दृष्टी अधू झाली, विमा गहाण पडला, पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. अंकुरणाऱ्या वाटाण्याची छायाचित्रे टिपून त्यांनी प्रथम लघुपट सिद्ध केला. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. सुरतेस प्रेक्षक येईनात, तेव्हा तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे, अशी जाहिरात त्यांनीच योजिली आणि गर्दी लोटली! पुढे त्यांनी पडद्यावर आगकाड्याही नाचविल्या. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते निवर्तले, तेव्हा चित्रपटव्यवसायाला त्यांचा विसर पडला होता.