मोठ्या टायरचा मूळपुरुष

पुणे-इंदूर रस्त्याने मनमाड गाठताना कांद्याच्या गोण्या लादून बाजार समितीकडे निघालेल्या पिकअप गाड्या ठायीठायी दिसतात. त्यांतील एखादीचे टायर मडगार्डच्या बाहेर डोकावत असतात, आणि कारखान्यातून आलेली काळी पोलादी रिम जाऊन तिच्या जागी चकाकते अ‍ॅलॉय व्हील बसलेले असते. गाडी उंच दिसावी, खड्ड्यांतून सहज निघावी आणि चार गोण्या जास्त झेपाव्यात, अशी ही हौस आणि हिशेब दोन्ही. मोठा टायर बसवला तर गाडीचे बाकीचे काय करायचे, हा प्रश्न मात्र नवा नाही. १८८८ साली तो बेलफास्टमधील एका पशुवैद्यासमोर उभा राहिला होता. त्याचे नाव जॉन बॉइड डनलॉप. महाराष्ट्रात गादीपासून बैलगाडीपर्यंत या नावाचा संचार झाला. नावामागच्या माणसाची ओळख तेवढी झाली नाही.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरा येथे त्यांनी पशुवैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८६७ मध्ये आयर्लंडमध्ये येऊन बेलफास्टला व्यवसाय थाटला. व्यवसाय चांगला चालला. घोडे, त्यांचे नाल आणि दगडी फरसबंदीवरून खडखडत जाणाऱ्या गाड्या हेच त्यांचे जग होते. यंत्रशाळेशी त्यांचा संबंध नव्हता. तरीही वाहनाला बसणारे हादरे कसे कमी करावेत, याचा विचार त्यांच्या डोक्यात घोळत असे.

१८८७ च्या ऑक्टोबरात त्याला निमित्त मिळाले. त्यांचा लहान मुलगा जॉनी तीनचाकी सायकल चालवीत असे. तिच्या चाकांना त्या काळच्या रीतीप्रमाणे भरीव रबराची पट्टी होती, आणि बेलफास्टच्या दगडी रस्त्यांवर मुलाला हादरे बसत. डनलॉप यांनी लाकडाची एक गोल चकती घेतली, पातळ रबरी पत्र्याची नळी करून तिच्या कडेला बसवली, वर कापड गुंडाळून खिळ्यांनी पक्के केले आणि फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरली. मग घराच्या अंगणात सायकलचे भरीव चाक आणि ही चकती त्यांनी आळीपाळीने घरंगळत सोडली. भरीव चाक थोड्या अंतरावर जाऊन आडवे पडले. हवेची चकती अंगण ओलांडून पलीकडच्या फाटकावर आपटली आणि उसळून मागे आली. पुढे १८८८ च्या आरंभी सायकलच्या मागील दोन चाकांना असे टायर बसवून जॉनी रात्रीच्या वेळी फेरी मारून आला. दुसऱ्या दिवशी उजेडात पाहणी केली, तेव्हा रबरावर ओरखडादेखील उमटलेला नव्हता.

या प्रयोगाचे मर्म भार पेलण्याच्या रीतीत आहे. भरीव रबर दगडावर दाबले जाते आणि धक्का वर पाठवते. हवेचा टायर जमिनीवर टेकतो तेवढ्या जागेत आतल्या दाबाच्या जोरावर गाडी तोलून धरतो आणि लहानसहान खडा आपल्यातच सामावून घेतो. टायर जितका जाड, तितकी आत हवा अधिक आणि तितका आराम अधिक. येथपर्यंत हिशेब सरळ आहे.

अडचण पुढे आली. २३ जुलै १८८८ रोजी डनलॉप यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ डिसेंबरला तो मंजूर झाला. पण हा गलेलठ्ठ टायर बाजारातील सायकलींना बसेना. त्या सायकलींचे पुढचे-मागचे चिमटे भरीव रबराच्या अरुंद पट्टीसाठी घडवलेले होते. अखेर बेलफास्टमधील एडलिन यांच्या कारखान्यात रुंद चिमट्याच्या, खास या टायरसाठी बनवलेल्या सायकली तयार होऊ लागल्या. म्हणजे टायर गाडीच्या मापाचा करण्याऐवजी गाडीच टायरच्या मापाची करावी लागली.

मनमाडच्या पिकअपवाल्याला हे सव्वाशे वर्षांहून जुने उदाहरण परके वाटू नये. त्याच्या गाडीला २१५/७५ आर १५ या मापाचा टायर आहे असे समजू. त्याची उंची सुमारे ७०३ मिलिमीटर भरते. त्याच रिमवर २३५/७५ आर १५ चढवला, तर ती ७३३ मिलिमीटर होते, म्हणजे सव्वाचार टक्क्यांनी वाढते. स्पीडोमीटरला या बदलाची खबर नसते. काटा ६० दाखवत असताना गाडी साडेबासष्टच्या वेगाने धावत असते, आणि ओडोमीटरवर किलोमीटर कमी पडतात. चाक मोठे झाल्याने चढावर इंजिनाला जोर कमी पडतो, क्लचवर ताण येतो. जड चाक थांबवायला ब्रेकलाही अधिक श्रम पडतात. पुढची चाके पूर्ण वळवली की टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासतो. रिम बाहेरच्या अंगाला सरकलेली असेल, तर बेअरिंगवर भार तिरका पडतो.

चार गोण्या जास्त झेपण्याचा हिशेब तर मुळातच फसवा आहे. टायरच्या बाजूवर छापलेला भारांक महत्त्वाचा खरा; १०० हा अंक असेल तर एक टायर ८०० किलो पेलतो, ११२ असेल तर ११२० किलो. पण गाडीने किती वाहायचे, हे पाटे, आस आणि ब्रेक मिळून ठरवतात, एकटा टायर नव्हे. मोटारगाडीसाठी घडवलेले अ‍ॅलॉय व्हील मालवाहू गाडीला चढवणे तर सर्वांत धोक्याचे, कारण रिमलाही भाराची स्वतःची मर्यादा असते. दुकानात तिच्या चकाकीची चौकशी होते, मर्यादेची क्वचितच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. म्हणून त्या मॉडेलसाठी उत्पादकाने स्वतः सांगितलेल्या मापांतच निवड करणे शहाणपणाचे.

बेलफास्टमध्ये लोक या जाड टायरला प्रथम हसले. १८ मे १८८९ रोजी क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विल्यम ह्यूम या सायकलपटूने हवेच्या टायरवर शर्यती जिंकल्या, तेव्हा हसू थांबले. डब्लिनचे व्यापारी हार्वे ड्यू क्रो यांचे मुलगेही शर्यतपटू होते. या विजयाने ड्यू क्रो यांचे लक्ष वेधले आणि त्यांच्या पुढाकाराने कंपनी उभी राहिली. डनलॉप त्यात सामील झाले.

थोड्याच काळात या कंपनीच्या पायाखालची वाळू सरकली. १८९० मध्ये डनलॉप यांचे पेटंट निरर्थक असल्याचे निष्पन्न झाले. स्कॉटलंडच्याच रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते आणि लंडनमध्ये घोडागाड्यांवर त्याच्या चाचण्याही केल्या होत्या. त्या काळी सायकल नव्हती, मोटार नव्हती, पातळ रबर महाग होते. थॉमसन यांची कल्पना विस्मरणात गेली. डनलॉप यांना तिची काहीही माहिती नव्हती. त्यांनी तीच वाट स्वतंत्रपणे शोधली, आणि शोधाचे श्रेय त्यांच्याकडून अंशतः काढून घेताना हे विसरले जाऊ नये.

कंपनी वाचली ती रिममुळे. डनलॉप यांचा टायर चाकाला कापड आणि रबरी द्रावणाने चिकटवलेला असे. पंक्चर काढायचे म्हणजे सगळे सोलून काढायचे. १८९० मध्येच चार्ल्स वेल्च यांनी कडेला तार घातलेला टायर आणि मध्ये खोलगट असलेली रिम योजली, तर विल्यम बार्टलेट यांनी रिमच्या ओठात अडकणारी कडा शोधली. ड्यू क्रो यांनी दोन्ही पेटंटे मिळवली. आजच्या पिकअपच्या टायरच्या काठात दडलेली तार आणि रिममधील खोलगट भाग वेल्च यांच्या मांडणीचीच संतती होत. टायरचे नाव डनलॉपचे राहिले, पण तो चाकावर टिकला दुसऱ्यांच्या बुद्धीने.

डनलॉप १८९२ मध्ये डब्लिनला स्थायिक झाले. ड्यू क्रो यांच्याशी त्यांचे फारसे जमले नाही आणि १८९५ मध्ये ते कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, ती ३० लाख पौंडांना विकली गेली आणि नव्या मालकाने ५० लाख पौंडांच्या भांडवलावर ती पुन्हा बाजारात आणली. त्या संपत्तीत डनलॉप यांचा वाटा नव्हता. डब्लिनमधील एका कापड दुकानात हितसंबंध ठेवून त्यांनी साधे आयुष्य काढले.

हवेचा टायर मात्र थांबला नाही. १८९५ मध्ये मिशेलिन बंधूंनी पॅरिस-बोर्दो शर्यतीत तो मोटारीवर चढवला. मालमोटारींनी भरीव रबर सोडायला आणखी बराच काळ घेतला. १९१७ मध्ये गुडइयर कंपनीने अ‍ॅक्रनहून बोस्टनला हवेच्या टायरवर ट्रक धाडला, तेव्हा कुठे व्यापाऱ्यांचा विश्वास बसू लागला.

आयुष्याच्या अखेरीस या मितभाषी वृद्धाला न्यायालयाची पायरी चढावी लागली, तीही स्वतःच्याच नावाच्या कंपनीविरुद्ध. कंपनीने जाहिरातींत त्यांचा चेहरा एका उंच, छानछोकी माणसाच्या धडावर चढवला होता: पांढरी उंच टोपी, पांढरे जाकीट, हातात काठी. असला पेहराव त्यांनी कधी केला नव्हता. प्रकरण ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि तेथे कंपनीचे अपील फेटाळण्यात आले. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डीन्स ग्रेंज दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

पंधरा वर्षांनी, १९३६ मध्ये, बंगालमधील साहागंज येथे डनलॉपचा टायर कारखाना सुरू झाला. त्याचे टायर ट्रकला लागले आणि बैलगाडीलाही. लोखंडी धाव जाऊन रबरी टायर आला, ओझे वाढले, बैलांच्या मानेवरचा ताण हलका झाला, आणि महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यात टायरच्या गाडीलाच डनलॉप म्हणू लागले. साहागंजचा तो कारखाना पुढे बंद पडला.