लोहाराचं पोरगं, विमानाचं जुनं इंजिन अन् रेसची गाडी. होंडा नावामागचा माणूस

शिरूर / दौंड : न्हावरा असो की पाटस, वाडीवस्तीवरच्या दारात उभ्या असलेल्या दुचाक्यांकडे नजर टाकली तर त्यात होंडाची एक तरी दिसतेच. पण होंडा हे एका माणसाचं आडनाव आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. सोइचिरो होंडा. गावच्या लोहाराचा पोरगा.

जपानमधल्या हमामात्सु शहराजवळच्या कोम्यो गावात १७ नोव्हेंबर १९०६ रोजी त्याचा जन्म झाला. वडील गिहेई यांचा भाता होता, पुढे ते सायकल दुरुस्तीही करू लागले. आई मिका हातमागावर विणकाम करायची. घरची परिस्थिती बेताचीच. गावात पहिल्यांदा मोटार आली तेव्हा हे पोरगं तिच्यामागं पळत सुटलं. गाडी थांबली तिथं जमिनीवर सांडलेलं ऑइल हुंगत बसलं. १९१७ साली हमामात्सुला विमानाच्या कसरती होत्या. पठ्ठ्यानं वडिलांची सायकल गुपचूप काढली. सायकल मोठी, पाय पुरेनात, म्हणून नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत तो वीसेक किलोमीटर गेला. तिकिटाला पैसे नव्हते. मग झाडावर चढून विमान पाहिलं.

शाळेत मन रमलं नाही. १९२२ मध्ये तो टोकियोच्या आर्ट शोकाई या गॅरेजात कामाला लागला. आपल्याकडेही गॅरेजात नवीन पोरगं लागलं की पाना लगेच हाती येत नाही. आधी चहा आणायचा, झाडलोट करायची. सोइचिरोच्या वाट्याला तर मालकाचं लेकरू सांभाळायचं काम आलं. महिनेच्या महिने पाठीशी बाळ बांधून तो मेकॅनिक काय करतात ते बघत राहिला. १ सप्टेंबर १९२३ ला मोठा भूकंप झाला, टोकियोत आगी लागल्या. त्या गोंधळात गॅरेजातली गिऱ्हाइकाची गाडी बाहेर काढताना त्यानं पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं. नंतर बरेच कामगार घरी निघून गेले. हा थांबला, अन् जळक्या गाड्या दुरुस्त करता करता हात तयार झाला.

त्याच काळात या गॅरेजात रेसची गाडी बांधायचं खूळ सुरू झालं. मोबाईलवर फिरणाऱ्या गोष्टींत होंडानं एकट्यानं गाडी बनवली असं असतं, ते खरं नाही. कल्पना मालक युझो साकाकिबारा यांची, सोबत त्यांचा भाऊ शिनिची, आणि हाताखाली होंडासारखी दोन-चार पोरं. दिवसा गिऱ्हाइकाचं काम, उरलेल्या वेळात रेसची गाडी. नवीन घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून अमेरिकी मिचेल मोटारीची जुनी चॅसी घेतली आणि तिच्यावर कर्टिस विमानाचं वापरलेलं इंजिन बसवलं. आठ सिलिंडर, आठ लिटरच्या वर!

इंजिन दणकट असलं तरी ते होतं विमानाचं. फिरायचं मिनिटाला जेमतेम १४०० फेरे. आजची साधी बाईकसुद्धा ७-८ हजारांपर्यंत जाते. म्हणजे वेग थोडा, जोर मात्र बैलजोडीसारखा. पंखा फिरवायला बनवलेला तो जोर चाकांपर्यंत न्यायचा, तर मधली सगळी जोडणी नव्यानं जमवावी लागते, आणि वजन पेलायला चॅसीही तशीच हवी. बाजारात सुटा भाग मिळेना की हातानं घडवायचा. इथं लोहाराच्या पोराचा उपयोग झाला.

२३ नोव्हेंबर १९२४. जपानची पाचवी मोटार शर्यत. गाडी शिनिची चालवत होते, शेजारी मेकॅनिक म्हणून होंडा बसला होता; अठरावं पूर्ण होऊन सहाच दिवस झाले होते. गाडी पहिली आली.

१९२८ ला मालकानं त्याला हमामात्सुत शाखा काढून दिली. तिथंही रेसचं वेड सुटलं नाही. ७ जून १९३६ ला टोकियोजवळच्या तामागावा ट्रॅकवर त्यानं स्वतः बांधलेली गाडी उतरवली, फोर्डचं इंजिन घातलेली. शेजारी धाकटा भाऊ बेंजिरो. पिटमधून बाहेर पडणाऱ्या गाडीवर धडक बसली, गाडी उलटली, दोघंही बाहेर फेकले गेले. बेंजिरोच्या पाठीच्या मणक्याला गंभीर मार बसला. घाटात बैलगाडा पळवणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको. नाद एकाचा असतो, हाडं घरातल्या दुसऱ्याचीही मोडतात. घरून विरोध वाढला, आणि लवकरच त्यानं स्वतः शर्यतीत उतरणं सोडलं.

मग तो पिस्टन रिंग बनवायला लागला. टोयोटाकडे ५० रिंगा तपासणीला दिल्या, त्यातल्या ३ च पास झाल्या. तिशीतला कारखानदार गडी पोरांच्या बाकावर जाऊन धातूशास्त्र शिकला. परीक्षेला बसला नाही, त्यामुळे कागद मिळाला नाही, रिंगा मात्र जमल्या.

युद्ध संपलं तेव्हा पेट्रोल नाही, गाड्या नाहीत. १९४६ मध्ये लष्कराच्या वायरलेस सेटची पडून राहिलेली छोटी जनरेटर इंजिनं त्यानं मिळवली आणि सायकलींना जोडली. पहिल्या सायकलीला तेलाची टाकी म्हणून अंथरूण शेकायची गरम पाण्याची बाटली लावली होती. चालवून बघायला बायको साची. २४ सप्टेंबर १९४८ ला होंडा मोटर कंपनी उभी राहिली. व्यवहाराची बाजू पुढं ताकेओ फुजिसावा यांनी सांभाळली. ते नसते तर हा माणूस प्रयोगातच बुडाला असता. १९६५ ला मेक्सिकोत होंडाच्या गाडीनं फॉर्म्युला वनची पहिली शर्यत मारली, चालक होता रिची गिंथर. १९७३ ला दोघं मित्र एकदमच निवृत्त झाले. १९८० च्या दशकात हिरो होंडा आणि कायनेटिक होंडा या नावांनी तो आपल्या रस्त्यांवर आला.

कर्टिसचं इंजिन घातलेली ती गाडी जपानमध्ये मोतेगीच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. सोइचिरो ५ ऑगस्ट १९९१ ला वारला. कंपनीतर्फे मोठा अंत्यविधी करू नका, असं त्यानं आधीच बजावून ठेवलं होतं. रस्त्यावर ट्रॅफिक जाम होईल, मोटारी बनवणाऱ्यानं तरी लोकांना अडकवू नये, हे कारण.