वॉल्ट डिस्ने : आबालवृद्धांचा कथाकार

मिकी नावाच्या उंदराला ओळखत नाही, असे मूल शोधूनही सापडणे कठीण. त्या उंदराचे जनक वॉल्ट डिस्ने हे मुलांसाठी चित्रपट काढणारे गृहस्थ होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत अर्धीच खरी आहे. केवळ मुलांचे मनोरंजन करावे, एवढाच त्यांचा हेतू कधीही नव्हता. आजोबांपासून नातवंडांपर्यंत साऱ्या घराने एकत्र बसून पाहावे, असे काही निर्माण करण्याचा त्यांना ध्यास होता. परंतु साऱ्या घरासाठी काम करावयाचे म्हटले, की एक प्रश्न उभा राहतो. मृत्यू, युद्ध, अन्याय, शास्त्रीय संगीत असे जे विषय प्रौढांचे मानले जातात, त्यांना अशा संस्थेने हात घालावा काय? ह्या प्रश्नाने वॉल्ट यांचा जन्मभर पाठपुरावा केला, आणि त्यांच्या मृत्यूनंतरही तो संपला नाही.

वॉल्ट यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरी झाला. चार भाऊ व एक बहीण अशा पाच भावंडांत त्यांचा क्रमांक चौथा. ते पाच वर्षांचे होण्यापूर्वीच कुटुंब मिसूरी राज्यातील मार्सेलीन ह्या लहानशा गावी शेतीवर राहावयास गेले. तेथील झाडे, गुरे, डुकरे आणि गावावरून जाणारी आगगाडी ह्यांचा त्यांच्या बालमनावर कायमचा ठसा उमटला. शेती मात्र साधली नाही. पुढे कॅन्सस सिटी शहरात वडिलांनी वर्तमानपत्रे वाटण्याचा धंदा पत्करला, आणि लहानग्या वॉल्ट यांना पहाटेच्या काळोखात, बर्फ तुडवीत घरोघर अंक पोचवून मग शाळेत जावे लागे. पहिले महायुद्ध संपता संपता ते रेड क्रॉस संस्थेत दाखल झाले. फ्रान्समध्ये त्यांनी रुग्णवाहिका चालविली आणि परत आल्यावर चित्रकलेवर पोट भरण्याचा निश्चय केला.

व्यंगचित्रपट म्हणजे हलणारी चित्रे. एका सेकंदाच्या हालचालीसाठी चोवीस चित्रचौकटी लागतात, आणि त्या एकापाठोपाठ एक वेगाने दाखविल्या म्हणजे चित्र सजीव झाल्याचा भास होतो. ह्या कष्टाच्या कलेत वॉल्ट यांनी उडी घेतली. कॅन्सस सिटीत काढलेल्या त्यांच्या कंपनीचे १९२३ मध्ये दिवाळे वाजले. त्याच वर्षी हॉलिवूडला जाऊन त्यांनी थोरले बंधू रॉय ह्यांच्यासह नवी संस्था स्थापन केली. रॉय हिशेब सांभाळीत आणि वॉल्ट कल्पना लढवीत. त्यांचा ऑस्वाल्ड नावाचा ससा लोकप्रिय झाला. परंतु १९२८ मध्ये वितरकाने हक्काच्या कागदांवर बोट ठेवून ससाही नेला आणि बहुतेक चित्रकारही नेले. तेव्हा वॉल्ट आणि त्यांचे निष्ठावंत सहकारी अब आयवर्क्स ह्यांनी मिकी माउस जन्माला घातला. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी 'स्टीमबोट विली' हा ध्वनियुक्त व्यंगचित्रपट न्यूयॉर्कमध्ये झळकला आणि मिकीचे नाव सर्वतोमुखी झाले.

ह्या यशातच पुढील पेचाचे बीज होते. आरंभीचा मिकी मोठा खट्याळ होता. तो प्राण्यांच्या खोड्या काढी, दांडगाई करी. पण घराघरांतील मुले त्याला आपला मानू लागली, तसतशा पालकांच्या तक्रारी येऊ लागल्या. मिकीने असे वागणे बरे नव्हे, असा त्यांचा सूर असे. हळूहळू मिकी सद्गुणी झाला, आणि राग, हट्ट व चिडखोरपणा ह्यांची जागा भरून काढण्यासाठी १९३४ मध्ये डोनाल्ड हे बदक आले. प्रेक्षकांचा विश्वास संपादन केला, की तो विश्वासच निर्मात्यावर बंधन घालू लागतो, हा धडा वॉल्ट यांना येथे प्रथम मिळाला.

त्या काळी व्यंगचित्रपट मुख्य बोलपटापूर्वी सात-आठ मिनिटे दाखवीत. अशा चित्रांनी प्रेक्षक हसेल, पण दीड तास खिळून बसेल आणि रडेलही, हे कोणाला पटेना. वॉल्ट यांनी 'स्नो व्हाइट आणि सात बुटके' हा पूर्ण लांबीचा चित्रपट हाती घेतला, तेव्हा चित्रपटधंद्यातील लोकांनी त्याला डिस्ने यांचा वेडेपणा ठरविले. सुमारे १५ लाख डॉलर खर्च आला. २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये पहिला खेळ झाला, आणि निश्चेष्ट पडलेल्या राजकन्येभोवती बुटके शोक करू लागताच चित्रपटधंद्यातील जाणत्या मंडळींचेही डोळे पाणावले. दुष्ट राणीचे रूपांतर आणि अंधाऱ्या अरण्यातील पलायन इतके भयप्रद उतरले होते, की ब्रिटनमधील सेन्सॉर मंडळाने सोळा वर्षांखालील मुलांनी तो मोठ्या माणसांसोबतच पाहावा असे प्रमाणपत्र दिले. ज्या चित्रपटावर डिस्ने यांची कौटुंबिक कीर्ती उभी राहिली, तोच पूर्णपणे बालकांचा नाही असे एका देशाने ठरवावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

'स्नो व्हाइट'च्या पैशावर वॉल्ट यांनी आपले सर्वांत धाडसी पाऊल उचलले. लिओपोल्ड स्टोकोव्स्की ह्या नामांकित संगीतनियोजकाच्या साहाय्याने त्यांनी बाख, बीथोव्हेन, चायकोव्हस्की, स्ट्राव्हिन्स्की इत्यादींच्या रचनांवर 'फँटेशिया' हा चित्रपट काढला. त्यात पृथ्वीची उत्पत्ती आणि महाकाय सरड्यांचा विनाश आहे, तसेच डोंगरमाथ्यावर जमलेल्या भुतांचे तांडवही आहे. १३ नोव्हेंबर १९४० रोजी तो न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला. खर्च सुमारे २३ लाख डॉलर झाला होता. ध्वनीसाठी मुद्दाम बनविलेली यंत्रे थोड्याच चित्रगृहांत बसविता आली, आणि दुसऱ्या महायुद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली होती. काही संगीतज्ञांना तो उथळ वाटला, तर मिकीसाठी आलेली काही कुटुंबे दोन तासांच्या संगीताने कंटाळली. चित्रपट तोट्यात गेला. पुढील पिढ्यांनी मात्र त्याला डोक्यावर घेतले.

१९४१ मध्ये चित्रकारांच्या संपाने संस्था हादरली. आपला स्टुडिओ हे एक कुटुंबच आहे, अशी वॉल्ट यांची भावना होती; पण पगार आणि श्रेय ह्यांबाबत अनेक चित्रकारांचा अनुभव वेगळा होता. ही कटुता दोन्ही बाजूंस दीर्घकाळ राहिली. त्यानंतर १९४२ मध्ये 'बॅम्बी' आला. ऑस्ट्रियन लेखक फेलिक्स साल्टेन ह्यांची मूळ कादंबरी प्रौढ वाचकांसाठी होती. शिकाऱ्याच्या गोळीने हरणाच्या पाडसाची आई मरते, हा प्रसंग वॉल्ट यांनी गाळला नाही. गोळीचा आवाज येतो आणि पाडस बर्फात आईला हाका मारीत फिरते, एवढेच पडद्यावर दिसते. मृत्यूचे भीषण दर्शन टाळून त्याची वेदना मात्र संपूर्ण पोचविणारी ही योजना होती. तोही चित्रपट प्रथम खर्च भरून काढू शकला नाही.

युद्धकाळात संस्थेचे बरेचसे काम सरकार व सैन्य ह्यांच्यासाठी होऊ लागले. १९४३ मधील एका लघुपटात एका निरागस जर्मन बालकाचे नाझी शिकवणीने आंधळ्या सैनिकात कसे रूपांतर होते हे दाखविले असून त्याचा शेवट थडग्यांच्या रांगांत होतो. त्याच वर्षी हवाई युद्धनीतीवरील 'व्हिक्टरी थ्रू एअर पॉवर' हा दीर्घ चित्रपट वॉल्ट यांनी स्वतःच्या जबाबदारीवर काढला आणि त्यातही नुकसान सोसले. अशा रीतीने प्रौढांचा विषय त्यांनी वर्ज्य मानला नव्हता. उलट त्याची जबर किंमत मोजली होती.

युद्ध संपले तेव्हा संस्थेवर मोठे कर्ज होते. १९५० मध्ये 'सिंड्रेला'ने तिला सावरले. पुढे दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम आणि १७ जुलै १९५५ रोजी उघडलेले डिस्नेलँड उद्यान ह्यांमुळे वॉल्ट यांचे नाव घरोघर पोचले. मुली फिरत्या घोड्यांवर बसत आणि आपण मात्र बाकावर रिकामे बसून राहतो, ह्या अनुभवातून आईबापांनाही मुलांबरोबर रमता येईल अशा उद्यानाची कल्पना त्यांना सुचली होती. परंतु नाव जितके मोठे झाले, तितके कुंपणही उंच झाले. डिस्ने हे नाव पाहून पालक डोळे मिटून मुलांना चित्रगृहात पाठवू लागले, आणि ह्या विश्वासाला धक्का लावण्याची वॉल्ट यांची तयारी नव्हती. मुंबईत जन्मलेल्या किपलिंग ह्यांच्या सिवनीच्या जंगलातील मोगलीकथेवर चित्रपट करताना बिल पीट ह्या जुन्या सहकाऱ्याने तिचा गूढ, उग्र भाव कायम राखला होता. वॉल्ट यांना तो फार काळोखा वाटला. मतभेद होऊन १९६४ मध्ये पीट संस्था सोडून गेले, आणि कथेला हसतेखेळते रूप देण्यात आले.

तथापि ह्या कुंपणाची खंत त्यांना नव्हती असे नाही. वर्णद्वेषापोटी एका निरपराध माणसावर होणारा अन्याय चित्रित करणारा 'टु किल अ मॉकिंगबर्ड' हा १९६२ मधील चित्रपट त्यांनी घरी पाहिला. असा चित्रपट आपणही काढू शकलो असतो तर, अशी हळहळ त्यांना वाटली, असे त्यांच्या कुटुंबीयांकडून कळते. स्पर्धेत मिळविलेली २२ ऑस्कर पारितोषिके ज्यांच्या नावावर आहेत, त्या पुरुषाला आपल्याच नावाचा अडसर वाटावा, हे त्यांच्या यशाचे दुसरे अंग होय. १५ डिसेंबर १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. मोगलीचा चित्रपट दहा महिन्यांनंतर प्रदर्शित झाला.

त्यांनी अनुत्तरित ठेवलेल्या प्रश्नाचे एक उत्तर त्यांचे जावई रॉन मिलर ह्यांनी शोधले. त्यांच्या कारकिर्दीत १९८४ मध्ये प्रौढ अभिरुचीच्या चित्रपटांसाठी 'टचस्टोन' ही निराळी नाममुद्रा सुरू झाली. पाटी वेगळी असल्याने पालकांची फसवणूक होत नसे, आणि कलावंतांनाही मोकळीक मिळे. उलट १९८५ मध्ये डिस्ने ह्याच नावाखाली आलेला 'द ब्लॅक कॉल्ड्रन' हा भयप्रद व्यंगचित्रपट आपटला. १९९३ मध्ये 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' हा भुताखेतांचा चित्रपट टचस्टोनच्या पाटीखालीच आला. पण मुलांनाही तो आवडला, आणि काही वर्षांनी त्याच चित्रपटावर डिस्ने हे नाव सन्मानाने झळकले. म्हणजे कुटुंबाला काय झेपेल, ह्याची सीमाही काळानुसार सरकत असते.

ह्यावरून आपण काय घ्यावे? कौटुंबिक संस्थेने दुःख, भय आणि गंभीर विचार ह्यांपासून दूर राहावे, असे वॉल्ट यांचे चरित्र सांगत नाही. त्यांचे सर्वोत्तम चित्रपट ह्याच गोष्टींनी भारलेले आहेत. मात्र जे केवळ प्रौढांनीच पाहावे असे असेल, ते विश्वासाने आलेल्या बालकापुढे जुन्याच नावाने ठेवू नये. त्यासाठी वेगळी पाटी लावावी आणि ते निर्भयपणे करावे. भय बाळगून काहीच न करणे, हा मात्र त्या विश्वासाचा मान राखणे नव्हे.

ह्या कथेचा एक धागा आपल्या देशापर्यंत पोचला आहे. 'बॅम्बी'वर काम केलेले क्लेअर वीक्स हे चित्रकार १९५६ च्या सुमारास मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये भारतीय चित्रकारांना ही कला शिकविण्यासाठी आले. १९५७ मध्ये तेथे 'बॅन्यन डिअर' हा व्यंगचित्रपट तयार झाला. त्याची कथा जातकातील आहे. गाभण हरिणीचा जीव वाचावा म्हणून मृगराज स्वतःची मान राजापुढे ठेवतो. मृत्यू आणि त्याग ह्यांचा हा विषय आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके मांडीवरच्या मुलांना सांगितला, आणि शेजारी बसलेली वडीलधारी माणसेही तो तितक्याच तन्मयतेने ऐकत आली.